चिमाजी आप्पांचें खरें धाडस

चिमाजी आप्पांचें नांव निघालें कीं आमचे चरित्रकार व कीर्तनकार बहुधा एकाच आख्यायिकेवर थबकतात : वसई पडत नसेल, तर आपलें मस्तक तरी तोफेनें किल्ल्यांत टाका, असें ते म्हणाले म्हणे! अंबरनाथ-कल्याणकडील आम्हां शेजाऱ्यांना ती तोंडपाठ असते. परंतु एवढ्यानें बाजीरावांच्या या धाकट्या बंधूचें मोजमाप होत नाहीं. १७३७ मध्यें ठाणें घेतल्यावरही वसईसाठीं दोन वर्षें झुंजावें लागलें. हजारों मराठे पडले. तरीही मे १७३९ मध्यें शरण आलेल्या पोर्तुगीजांस शस्त्रांसह, मानानें बाहेर पडूं दिलें. मागें राहणाऱ्यांस स्वधर्म पाळण्याची मोकळीक दिली. सुडाची संधि हातीं असतां ती न साधणें, यालाही छाती लागते. आख्यायिका जरूर सांगावी. पण तहाचीं कलमें गाळून सांगितलेला विजय अर्धाच होय.