बफरचा आकार नक्की कोण ठरवतं?

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही बफर साइझ निवडता, ६४, १२८, ५१२, आणि समजता की आतल्या प्रत्येक प्लगइनला आवाज तेवढ्याच तुकड्यांत मिळतो. तसं नाही. तो आकडा साउंडकार्डसाठी. प्लगइन आणि होस्ट (म्हणजे तुमचं मुख्य सॉफ्टवेअर) यांच्यातला करार वेगळा, आणि माझ्या मते तो ढिसाळ लिहिलेला आहे.

व्हीएसटी ३ घ्या. होस्ट सुरुवातीला सांगतो, एका वेळी जास्तीत जास्त इतके सॅम्पल देईन. दरवेळी तेवढेच देईन का, याबद्दल चकार शब्द नाही. आधी ५१२, मग ३७, मग ४७५ आले तरी नियमभंग होत नाही. नुसते पॅरामीटर कळवायला शून्य सॅम्पलची हाकही चालते! होस्ट हे उगाच करत नाहीत म्हणा. ब्लॉकच्या मध्येच ऑटोमेशन बदललं तर तिथे ब्लॉक कापणं हा वेळ अचूक साधायचा सोपा मार्ग आहे.

आता प्लगइनकडे बघा. नॉब फिरवल्यावर आवाज एकदम उडी मारू नये म्हणून काही जण दर ब्लॉकला उरलेल्या फरकाच्या एक दशांश पुढे सरकतात. पण ४८,००० हर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद आणि १०२४ म्हणजे २१.३३. तीच चाल १६ पट संथ! रेकॉर्डिंगला ६४ ठेवलंत, मिक्सिंगला १०२४ केलंत, की आवाज वेगळा. एक्सपोर्ट करताना होस्टने तिसराच आकार वापरला तर तुम्ही कानाने पास केलेलं गाणं फाइलमध्ये नाहीच. संशोधनात तर हे आणखी जाचक: ऐकण्याच्या चाचणीसाठी तयार केलेले नमुने दुसऱ्या कुणाला तसेच्या तसे बनवता येत नाहीत.

चूक प्लगइनवाल्याची, हे मान्य. चाल सॅम्पल रेटवरून मोजली की प्रश्न मिटतो. ज्यूसची कागदपत्रंही बजावतात की सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी-जास्त सॅम्पल येऊ शकतात. पण 'कमाल' म्हणून दिलेला आकडाही पक्का धरू नका असं सांगावं लागतं, तो कसला करार? एफएल स्टुडिओत प्लगइनला कायम एकाच आकाराचे बफर द्यायचा पर्याय आहे. उपयोगी आहे, पण मला तो कबुलीजबाब वाटतो. भांडण दोन प्रोग्रामांचं आणि निवाडा संगीतकाराने करायचा, तोही आवाज कडकडल्यावर.

एफएफटीवर चालणाऱ्या प्लगइनला खरोखरच ठरावीक गठ्ठा लागतो. ते सॅम्पल आत साठवतं आणि होणारा उशीर होस्टला कळवतं. तेवढा भाग नीट बसलेला आहे.

एलव्ही २ मला जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे प्लगइन आधीच अट घालू शकतं: आकार कायम हवा, किंवा दोनच्या घातातला हवा. होस्टला जमत नसेल तर त्याने ते चालवायचंच नाही. क्लॅपमध्ये कमालसोबत किमान आकडाही मिळतो, पण होस्टने किमान १ सांगितलं की पुन्हा तेच.

तुमचं प्लगइन तपासायचंय? एकच ट्रॅक ६४ आणि १०२४ वर रिअल टाइममध्ये रेंडर करा, एकाचा फेज उलटा करून दोन्ही नीट जुळवून एकत्र वाजवा. प्लगइनमध्ये यादृच्छिक काही नसेल तर शांतता ऐकू यायला हवी. नॉबचं ऑटोमेशन लावायला विसरू नका, नाहीतर दोष दिसणारच नाही.