बार्तीमयाला विचारलेला प्रश्न

लहानपणी बीडला आम्ही ज्या चर्चमध्ये जायचो, तिथे पेटीवर एक अंध काका असत. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाचा शेवट ज्या रविवारी शास्त्रपाठाला येई, त्या रविवारी साऱ्या मंडळीच्या माना हळूच पेटीकडे वळत. काकांना ते दिसत नसे, पण कळत असे. एकदा उपासना संपल्यावर एक मावशी त्यांना म्हणाल्या, "काका, तुम्हाला दृष्टी यावी म्हणून आम्ही रोज प्रार्थना करतो." काका म्हणाले, "करा की. पण पेटीची काळी दोन ही पट्टी दोन महिन्यांपासून दबून बसलीय, तिचंही बघा जरा."

मावशी हिरमुसल्या. मला मात्र तो उतारा त्या दिवसापासून वेगळा ऐकू यायला लागला.

उतारा जेमतेम सात वचनांचा. यरीहोच्या वेशीबाहेर, वाटेच्या कडेला एक आंधळा भिकारी बसलाय. हीच गोष्ट मत्तय आणि लूक सांगतात, तेव्हा मत्तयाकडे आंधळे दोन होतात आणि दोघांच्याही सांगण्यात नाव कुणालाच नसतं. मार्क नाव देतो: तीमयाचा मुलगा बार्तीमय. 'बार' म्हणजे अरामी भाषेत मुलगा. म्हणजे हे नावही बापाचंच. गावाने या माणसाला स्वतःचं असं काही ठेवलेलंच नाही. मार्क तेच एकदा अरामीत आणि एकदा ग्रीकमध्ये सांगतो. बरे झालेल्या इतक्या रोग्यांना बिननावाचं सोडून देणारा हा काटकसरी लेखक इथेच दोनदा थांबतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता कानाचं काम पाहा. येशू चाललाय हे बार्तीमयाला ऐकून कळतं, आणि मग तो ओरडायला लागतो. लोक दटावतात, गप्प बस म्हणतात. दटावणारे दुष्ट नाहीत. उपासनेत रडणाऱ्या पोराच्या आईकडे आपण जसं बघतो, तसलेच ते सभ्य लोक. तो दुप्पट जोराने ओरडतो. येशू थांबतो, पण स्वतः हाक मारत नाही. त्याला बोलवा, असं लोकांना सांगतो. या दोन शब्दांत मार्कची सगळी कारागिरी आहे. मघाशी ज्यांनी तोंड दाबलं, त्यांनाच आता निरोप घेऊन जावं लागतं, धीर धर, ऊठ, म्हणावं लागतं. आंधळ्याचे डोळे उघडायच्या आधी गर्दीची जीभ सुधारली. हा चमत्कार कुणी मोजत नाही.

तो अंगावरचं पांघरूण टाकून उडी मारतो. रात्री पांघरायचं, दिवसा नाणी झेलायला पुढे पसरायचं, असं ते असणार; एवढाच त्याचा संसार. मग तो प्रश्न येतो: मी तुझ्यासाठी काय करावं, असं तुला वाटतं? समोर आंधळा उभा आहे, तरी विचारलंय. मार्कने हाच प्रश्न काही ओळी आधी येशूच्या तोंडी घातलेला आहे, याकूब आणि योहान यांच्यासाठी. त्या दोघा शिष्यांनी वैभवात उजवी-डावीकडची आसनं मागितली होती. डोळे असलेले खुर्च्या मागतात. भिकारी म्हणतो, मला पुन्हा दिसावं. मूळ ग्रीकमधल्या या 'पुन्हा'मुळे वाटतं, त्याने एके काळी जग पाहिलेलं असावं.

आमची मंडळी लुथरन नव्हे, पण इथे मला लूथर आठवतोच. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी तो आइसलेबेनला वारला आणि मागे त्याच्या हातची एक चिठ्ठी सापडली. आपण सगळे भिकारीच आहोत, अशा अर्थाचं वाक्य त्या चिठ्ठीच्या शेवटी होतं, अर्धं जर्मन, अर्धं लॅटिन. आयुष्यभर पोपशी भांडलेल्या या पंडिताने शेवटी जागा निवडली ती वाटेच्या कडेची.

आपल्याकडे हा उतारा सगळ्यांत नीट वाचला तो पंडिता रमाबाईंनी. पुणे-दौंड रेल्वेवरच्या केडगावला त्यांचं मुक्ती सदन होतं. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० च्या दुष्काळात उघड्या पडलेल्या शेकडो मुली-बायका तिथे आल्या. त्यांत अंधही होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. अंधांच्या या घराला रमाबाईंनी नाव दिलं बार्तीमी सदन.

दया, आसरा, करुणा, काहीही नाव चाललं असतं. त्यांनी ओरडणाऱ्याचं नाव उचललं. आणि ते उचलणाऱ्या बाईला स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं! १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या आणि ऐकू कमी येतं म्हणूनच तो बेत सुटला. ज्याला दिसत नाही पण सगळं ऐकू येतं, असा नायक एका बहिऱ्या होत चाललेल्या बाईने निवडावा! योगायोग म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार नाही. एकीचे कान दुसरीच्या बोटांना जोडल्याशिवाय केडगावचा दिवस पार पडत नसणार, हे त्यांना रोज दिसत होतं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी सोप्या मराठीत केलेलं बायबल मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये.

उताऱ्याचा शेवट मी मुद्दाम राखून ठेवला होता. येशू त्याला म्हणतो, जा, आणि त्याला लगेच दिसायला लागतं. तो जात नाही. वाटेच्या कडेला बसलेला माणूस वाटेवरून चालायला लागतो, येशूच्या मागोमाग, आणि ती वाट यरुशलेमला, म्हणजे क्रुसाकडे जाते. डोळे उघडल्यावर त्याला पुढे जे पाहावं लागलं असेल, त्याबद्दल मार्क एक शब्द बोलत नाही. बार्तीमय पुन्हा कुठेही भेटत नाही. पांघरूण कुणी उचललं, तेही कळत नाही.

आमच्या पेटीची काळी दोन नाताळाच्या जरा आधी वर्गणी काढून दुरुस्त झाली. वर्गणीत पहिले पैसे मावशींचे होते. त्या रविवारच्या पहिल्याच गाण्यात काकांचं बोट तिच्यावर गरजेपेक्षा अंमळ जास्तच रेंगाळलं, आणि पाळकसाहेबांचा पहिला चरण चुकला.