निवेदिकेचा उच्चार आणि फुलराणीची बोली : भक्ती बर्वे ह्यांच्या वाचिक कर्तृत्वाचा विचार

नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ह्या दोन माध्यमांनी मराठी भाषेला जो एक नवा व्यवसाय दिला, त्यास 'निवेदन' असे नाव आहे. ह्या व्यवसायाचा विचार मराठी समीक्षेत क्वचितच झालेला दिसतो. नटाच्या वाचिक अभिनयाची चिकित्सा होते, गायकाच्या स्वरलगावावर ग्रंथ लिहिले जातात. परंतु ज्या आवाजांनी लक्षावधी घरांतून मराठीचे एक विशिष्ट रूप दररोज उच्चारले, त्यांच्याविषयी आठवणींपलीकडे फारसे काही लिहिले जात नाही. 'आवाज गोड होता', 'उच्चार स्वच्छ होते' एवढ्यावर विषय आटोपतो. हा 'स्वच्छ' उच्चार म्हणजे नेमके काय, तो कोणाचा आणि तो ऐकणाऱ्याच्या बोलीचे पुढे काय होते, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात. भक्ती बर्वे ह्यांच्या कारकिर्दीचा विचार ह्या प्रश्नांच्या अनुरोधाने करणे विशेष फलदायी ठरेल. कारण प्रमाण उच्चाराचा व्यवसाय आणि त्या उच्चाराची चेष्टा करणारी भूमिका ह्या दोन्ही गोष्टी एकाच कंठातून व्यक्त झाल्याचे असे दुसरे ठळक उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

भक्ती बर्वे ह्यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगली येथे झाला. बालरंगभूमीवरून त्या नाट्यक्षेत्रात आल्या. आकाशवाणीवर त्यांनी निवेदिका म्हणून काम केले, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर तेथे त्या वृत्तनिवेदिका म्हणून प्रेक्षकांना परिचित झाल्या. १९७५ साली पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'ती फुलराणी' ह्या नाटकातील मंजुळेच्या भूमिकेने त्यांना अफाट लोकप्रियता मिळाली. अभिनयासाठी १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना लाभला. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईकडे परतत असता द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ झालेल्या मोटार-अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या अवघ्या बावन्न वर्षांच्या होत्या. तो बोगदा रायगड जिल्ह्यात आहे. १ जानेवारी १९८१ पूर्वी हाच जिल्हा कुलाबा ह्या नावाने ओळखला जात असे, आणि त्यातील पेण व रोहे ह्या दोन गावांचा संबंध प्रस्तुत विवेचनाशी वेगळ्या कारणाने येणार आहे.

प्रथम निवेदनाचे स्वरूप पाहू. वाचकास ते वरवर पाहता सोपे वाटते. समोर कागद असतो आणि तो मोठ्याने वाचावयाचा असतो. परंतु देवनागरी लेखन आणि मराठी उच्चार ह्यांत जागोजाग अंतर आहे. 'जरा' हा शब्द वार्धक्य ह्या अर्थी तालव्य जकाराने आणि 'थोडे' ह्या अर्थी दन्ततालव्य जकाराने उच्चारावा लागतो; 'जग' हे नाम आणि 'जगणे' ह्या क्रियापदाचा धातू ह्यांतही तोच भेद आहे. लिपी हा भेद दाखवीत नाही. निवेदकाने वाक्याचा अर्थ पुढे धावून आधीच ओळखलेला असला पाहिजे, तरच त्याच्या मुखातून योग्य ध्वनी निघेल. याखेरीज लेखनात 'केले', 'सांगितले' अशी एकारान्त रूपे असतात. बोलण्यात ती 'केलं', 'सांगितलं' अशी होतात. बातमी लिहिल्याप्रमाणे वाचली तर ती पोथीसारखी वाटते, आणि बोलल्याप्रमाणे वाचली तर तिचे गांभीर्य उणावते की काय, अशी शंका येते. ह्या दोहोंच्या मधील वाट प्रत्येक निवेदकास स्वतः काढावी लागते. म्हणून निवेदन हे निव्वळ वाचन नव्हे. ते लिखित भाषेचे बोललेल्या भाषेत केलेले तात्काळ रूपांतर होय.

नभोवाणीवर हे रूपांतर केवळ कानासाठी असते. तेथे चेहरा नाही, हातवारे नाहीत. विराम आणि स्वराघात ह्यांच्या साहाय्यानेच श्रोत्यास वाक्याची बांधणी कळते. दूरचित्रवाणीवर चेहरा आला, पण नवी अडचणही आली. हातातील कागद आणि समोरचा प्रेक्षक ह्यांच्यामध्ये दृष्टी सतत ये-जा करते, आणि प्रत्येक वेळी वाक्याचा धागा टिकवावा लागतो. शिवाय बातमी सांगणाऱ्याने स्वतःची प्रतिक्रिया लपवावयाची असते. नटीला भाव दाखविण्याचे शिक्षण मिळते, तर वृत्तनिवेदिकेला तो आवरण्याचे. भक्ती बर्वे ह्यांनी ही दोन्ही शिक्षणे एकाच काळात घेतली, ही त्यांच्या वाचिक सामर्थ्याची खरी पार्श्वभूमी मानावयास हवी.

आता 'ती फुलराणी' कडे वळू. नाटकाचे नाव बालकवींच्या कवितेची आठवण करून देत असले तरी त्याचे मूळ जॉर्ज बर्नार्ड शॉ ह्यांच्या 'पिग्मॅलियन' मध्ये आहे. शॉ हे डब्लिनचे, म्हणजे इंग्रजी ज्यांच्या देशात परकी सत्तेबरोबर रुजली अशा आयरिश समाजातून आलेले. उच्चारावरून माणसाची प्रतवारी लावण्याची इंग्रजांची सवय त्यांनी बाहेरून आलेल्याच्या तीक्ष्ण नजरेने पाहिली. १९१३ साली रंगमंचावर आलेल्या ह्या नाटकात ध्वनिशास्त्राचा एक प्राध्यापक फुले विकणाऱ्या मुलीस उच्चभ्रू उच्चार शिकवतो. पुढे ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने निवेदकांच्या उच्चारांबाबत जी सल्लागार समिती १९२६ साली नेमली, तिचे अध्यक्षपद कवी रॉबर्ट ब्रिजेस ह्यांच्यानंतर १९३० पासून ह्याच शॉ ह्यांच्याकडे आले. प्रमाण उच्चाराचे दंभस्फोट करणारा नाटककार प्रमाण उच्चार ठरविणाऱ्या समितीच्या अग्रस्थानी बसला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. त्याचेच मराठी प्रतिबिंब भक्ती बर्वे ह्यांच्या कारकिर्दीत दिसते. ज्या बाई दूरदर्शनवरून प्रमाण मराठीत बातम्या देत होत्या, त्याच रंगमंचावर प्रमाण मराठीचे धडे नाकारणारी मंजुळा झाल्या. आणि पु. ल. हेही आकाशवाणीत नोकरी केलेले लेखक असल्यामुळे ध्वनिक्षेपकासमोरची मराठी आणि रस्त्यावरची मराठी ह्यांतील अंतर ते पुरते जाणून होते.

मंजुळेच्या भूमिकेचे मर्म बहुतेकांनी तिच्या प्रसिद्ध स्वगतात पाहिले, आणि ते योग्यच आहे. शिकवणुकीच्या जाचाने त्रासलेली ही मुलगी एकटी असताना गुरूवर सूड उगविण्याचे मनोराज्य रचते, आणि ते स्वतःच्या बोलीत रचते. ह्या स्वगताचे चित्रमुद्रण आजही पाहावयास मिळते. त्यात लक्ष वेधून घेते ती बोलीतील नक्कल नव्हे, तर श्वासाची योजना. शब्द वेगाने येतात, चढतात, मध्येच खाली कोसळतात. तरीही एकही अक्षर हरवत नाही. बोली म्हणजे अस्पष्ट उच्चार, हा जो सुशिक्षितांचा समज असतो, तो येथे पूर्णपणे खोटा ठरतो. मंजुळेची बोली वृत्तनिवेदिकेच्या भाषेइतकीच स्पष्ट आहे, फक्त तिचे नियम वेगळे आहेत. वृत्तनिवेदनाच्या शिस्तीने कमावलेला विराम आणि अक्षरशुद्धी अभिनेत्रीने बोलीच्या सेवेस लावली, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

येथे पेण आणि रोहे ह्यांचा संदर्भ उपयोगी पडतो. मुंबई केंद्राच्या मध्यमलहरींच्या टापूतील ही दोन गावे. पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या कुंडलिकाकाठच्या गावांतून आगरी बोली घराघरांत नांदते. 'आगर' म्हणजे मिठागर. त्यावरून समाजाचे व बोलीचे नाव पडले. ग्रियर्सन ह्यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक खंडातही ह्या बोलीची दखल आहे. ह्या बोलीत प्रमाण मराठीतील णकाराच्या जागी नकार येतो, ळकाराच्या जागी लकार येतो, आणि शब्दमध्यातील डकाराचा रकार होतो. 'पाणी' चे 'पानी', 'डोळा' चा 'डोला', 'घोडा' चा 'घोरा' होतो. हे बदल आळसाने वा अज्ञानाने होत नाहीत. ते नियमाने होतात, आणि नियमबद्धता हेच भाषेचे लक्षण होय.

अशा घरात रेडिओ आला आणि पुढे दूरचित्रवाणी आली, तेव्हा एक दुहेरी गोष्ट घडली. निवेदकांच्या आवाजाने मराठीचे सर्वत्र समजेल असे रूप खारेपाटापर्यंत पोहोचविले. अर्ज, बातमी, न्यायालय, परीक्षा ह्यांची भाषा कानास परिचित केली. हा लाभ लहान नाही. परंतु त्याच वेळी 'रेडिओवर बोलतात ते शुद्ध, आपण बोलतो ते अशुद्ध' ही भावनाही दृढ झाली, आणि शाळेने तीस दुजोरा दिला. मंजुळेचे स्वगत शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांतून मुली हौसेने सादर करतात. 'डोला' म्हणणाऱ्या आगरी मुलीला वर्गात टोकले जाते, आणि प्रमाण मराठी घरातील मुलगी मंजुळेच्या अशिष्ट मानलेल्या बोलीची नक्कल करून टाळ्या मिळविते, ही विसंगती त्या नाटकाच्या आशयावरच उलटणारी आहे. प्रेक्षकांनी फुलराणीवर प्रेम केले. फुलराणीच्या भाषेवर केले की नाही, हा प्रश्न उरतोच.

ह्याचा दोष निवेदिकेकडे जातो काय? तसे मानणे अन्यायाचे होईल. भक्ती बर्वे ह्यांच्या कामाने उलट असे दाखविले की प्रमाण उच्चार हा जन्मजात श्रेष्ठपणाचा पुरावा नसून कमावलेली भूमिका आहे. १९८३ च्या 'जाने भी दो यारो' ह्या हिंदी चित्रपटात त्यांनी 'खबरदार' ह्या पत्राची संपादिका शोभा सेन रंगविली. तिची वाणी सुसंस्कृत आहे आणि व्यवहार मात्र स्वार्थाचा. सत्याच्या नावाने बोलणारा हा गोड आवाज सत्याचा सौदाही करू शकतो, हे त्या भूमिकेने ध्वनित केले. मंजुळा आणि शोभा ह्या दोन भूमिका शेजारी ठेवल्या म्हणजे एक सूत्र हाती येते : बोलीमागे प्रामाणिकपणा असू शकतो आणि प्रमाणभाषेमागे लबाडी, उच्चारावरून माणसाची पारख होत नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. मंजुळेची बोली ही शेवटी एका नागर लेखकाने रचलेली आणि एका प्रमाणभाषी अभिनेत्रीने उच्चारलेली आहे. ती कोणा प्रत्यक्ष समाजाची बोली नव्हे, तेव्हा तिच्यावरून बोलीच्या प्रतिष्ठेचा निष्कर्ष कसा काढावा? आक्षेप बिनतोड आहे, आणि तो मान्यच करावयास हवा. रंगभूमीवरील बोली ही बोलीची प्रतिमा असते. परंतु प्रतिमेनेही पाहणाऱ्याची नजर बदलू शकते. पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात. त्या वेळी त्या सर्व सारख्या असतात. डोळ्यांची आखणी हाताने होते, आणि त्यानंतरच मूर्तीत जीव आल्यासारखा वाटतो. प्रमाणभाषा हा असा साचा आहे. तो आवश्यक आहे. परंतु माणसाचे बोलणे जिवंत होते ते त्याच्या स्वतःच्या आखणीने.

भक्ती बर्वे ह्यांच्या कारकिर्दीचे मोल ह्या दृष्टीने ठरवावयास हवे. त्यांनी साचाही उत्तम हाताळला आणि आखणीही. मराठी निवेदनाचे शिक्षण देणाऱ्यांनी त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा उच्चार 'शुद्ध' करण्याचा नाही. एका उच्चारातून दुसऱ्या उच्चारात जाताना कोणताही उच्चार खालचा न मानण्याचा तो धडा आहे. पेण किंवा रोह्याची एखादी मुलगी उद्या ध्वनिक्षेपकासमोर बसेल, तेव्हा तिने बातमीत 'डोळा' म्हणावे आणि घरी निःसंकोचपणे 'डोला' म्हणावे. ही मुभा तिला समाजाने मनापासून दिली, तरच फुलराणीला वाजलेल्या टाळ्या सार्थ झाल्या असे मानता येईल.