पुनरावर्तन : आरशांचा फसवा दाखला

‘रिकर्शन’ म्हणजे पुनरावर्तन समजावताना समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांचा दाखला हमखास दिला जातो. चाळिशीनंतर एकट्याने प्रोग्रॅमिंग शिकताना मीही तोच मनात धरला होता. माझा पहिला प्रोग्रॅम स्वतःलाच हाका मारत राहिला आणि मेमरी भरल्यावर बंद पडला. आरशातल्या प्रतिमा लहान होत जातात खऱ्या, पण कुठे थांबायचे ते आरसा सांगत नाही. पुनरावर्तनात ते आधी ठरवावे लागते.

याहून चांगला दाखला छंदःशास्त्रात आहे. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची जागा किती प्रकारांनी भरता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल, तर त्याआधी तीन मात्रा उरतात. गुरू असेल, तर दोन. तीन मात्रांच्या रचना 3, दोन मात्रांच्या 2. म्हणून चार मात्रांच्या 5. मोठा प्रश्न असा त्याच जातीच्या लहान प्रश्नांवर सोपवला जातो. एका मात्रेची रचना 1 आणि दोन मात्रांच्या 2, हे बोटांवर मोजता येते. तिथे थांबायचे.

हा नियम विरहांकाला ठाऊक होता. बाराव्या शतकात हेमचंद्रानेही तो सांगितला. फिबोनाचीचा ग्रंथ 1202 मधला. ‘म्हणजे फिबोनाची आमचाच!’ असे म्हणून आपल्याकडचे बरेच लेख इथेच संपतात. माझा आक्षेप त्यालाच आहे. अभिमान कुणाआधी आकडे सापडले याचा नको. ‘शेवटचे अक्षर कोणते?’ या प्रश्नाचा हवा. सगळी उकल त्या प्रश्नात आहे.

मात्र नियम आणि हिशेब या दोन गोष्टी आहेत. हाच नियम जसाच्या तसा संगणकाला दिला, तर 30 मात्रांच्या 13,46,269 रचना मोजण्यासाठी फंक्शन 16,64,079 वेळा चालते. सोडवलेलेच प्रश्न ते पुनःपुन्हा सोडवते. खालून वर, मागच्या दोन संख्या मिळवत गेलो, तर 28 बेरजा पुरतात. उत्तर दोन्हीकडे तेच.

‘पुनरावर्तन’ या शब्दात ‘पुन्हा’ ऐकू येते. ‘लहान’ आणि ‘थांब’ ऐकू येत नाहीत. शब्द बदलायची गरज नाही. शिकवताना आरसे बाजूला ठेवून फळ्यावर चार मात्रा मांडल्या, तरी ते दोन्ही ऐकू येतील.