दुधाच्या अहवालात न विचारलेला प्रश्न

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणाचा अहवाल ऑक्टोबर २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदर ६,४३२ नमुने तपासले गेले आणि त्यांतले सुमारे ९३ टक्के पिण्यास सुरक्षित ठरले. प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर आढळले ते ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्के. भेसळीच्या बातम्यांनी धास्तावलेल्या लोकांना दिलासा मिळाला आणि तो खोटाही नव्हता. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचे काम आम्ही कमी लेखत नाही. मात्र शिक्षकांना हा अहवाल वर्गात पुरावा म्हणून वापरायचा असेल, तर त्यात काय मोजले आणि काय मोजलेच नाही हे नीट पाहायला हवे.

नमुने घेतले ते पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या १,१०३ शहरांतून, म्हणजे ग्राहकाच्या टोकाला. जुन्नर तालुक्यात माळशेज घाट चढून आल्यावर लागणारे मढ या यादीत बसणार नाही. पण दूध निघते ते अशाच गावांतून. या पट्ट्यात पाऊस धो धो कोसळतो, गोठा चार महिने ओला राहतो, आणि ओल्या गोठ्यात गाईला ‘दगडी’ (कासदाह) होण्याची भीती अधिक. मग सडात प्रतिजैविकाची नळी सोडतात. त्यानंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालायचे नसते. पण ज्याच्या दावणीला दोनच गाई, त्याने इतक्या दिवसांचे दूध ओतून कसे द्यावे? ते घातले गेलेच, तर संकलन केंद्रावर इतरांच्या दुधात मिसळून विरळ होते. म्हणजे १.२ टक्के हा आकडा मिसळणीनंतरचा आहे. गोठ्यात काय चालते, ते त्यावरून कळत नाही.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. औषधाचा अवशेष ही एक गोष्ट आणि औषधाला न जुमानणारा जीवाणू ही दुसरी. अवशेष काही दिवसांत निघून जातो. जीवाणू मागे राहतो आणि वाढतो. अवशेष शून्य असलेल्या दुधात प्रतिरोधी जीवाणू असू शकतात. सर्वेक्षणाने अवशेष मोजले, जीवाणूंना प्रश्नच विचारला नाही. दूध विरजून पाहण्याचा सोपा प्रयोग अनेक शिक्षक करतात. प्रतिजैविक असलेले दूध नीट लागत नाही. पण दही उत्तम लागले म्हणून प्रतिरोधी जीवाणू नाहीत, असे त्यातून ठरत नाही.

‘जंतूंना औषधाची सवय होते’ हे आपल्या तोंडी बसलेले वाक्यही इथे घोटाळा करते. सवय कुणालाच होत नाही. कोट्यवधींत एखाद्या जीवाणूत योग्य जनुक आधीच असते. औषधाने बाकीचे मरतात आणि त्याला मोकळे रान मिळते. शिवाय अशी जनुके पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर असतात आणि एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. २०१५मध्ये चीनमधील डुकरांत आणि मांसात कोलिस्टिनला दाद न देणारे असे जनुक प्लाझ्मिडवर सापडले. कोलिस्टिन म्हणजे माणसांसाठी अखेरच्या औषधांपैकी एक! भारताने जुलै २०१९मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

कोंबड्यांबाबत हा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला आहे. पंजाबमधील १८ कुक्कुटपालन केंद्रांतील ५३० कोंबड्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे फोडणारी, व्यापक ताकदीची विकरे बनवणारे इ. कोलाय मांसाच्या कोंबड्यांत ८७ टक्के, तर अंड्यांच्या कोंबड्यांत ४२ टक्के आढळले. पक्षी तोच, पाळण्याची रीत वेगळी. हा फरक अवशेषांच्या तक्त्यात दिसलाच नसता.

आम्ही दूध उकळूनच पितो, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. उकळताना प्रतिरोधी जीवाणूही इतरांसारखेच मरतात, उलट औषधाचे अवशेष बरेचदा टिकतात. पण जीवाणू काही दुधाच्या पातेल्यातूनच येत नाहीत. धार काढणाऱ्याचे हात, कच्चे मांस कापलेली विळी, शेणखत आणि कोंबडीखत घातलेल्या रानातली कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, या वाटांवर उकळणे नाही. (शाळेत हे जीवाणू वाढवून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.)

डेन्मार्कमध्ये १९९५पासून जनावरे, अन्न आणि माणसे यांतील प्रतिरोधी जीवाणूंची एकत्र नोंद ठेवली जाते. आपल्याकडेही जनावरे व मासे यांतील प्रतिरोधासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ‘इन्फार’ हे प्रयोगशाळांचे जाळे आहे. दुधाच्या सर्वेक्षणातले काही नमुने निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून घेतले असते आणि त्यांतले इ. कोलाय वेगळे करून दहा-बारा औषधांच्या चकत्यांवर तपासले असते, तर ७७ या आकड्याशेजारी दुसरा आकडा छापता आला असता. तो लहान असता की मोठा, हे अहवालावरून सांगता येत नाही.