पिशवीत ठेवण्याजोगे पुस्तक

समुद्रावरच्या धाडसाची पुस्तके आपण वाचतो ती बहुधा वादळासाठी. लाटा उठाव्यात, डोलकाठी मोडावी, नायक एकटा उरावा आणि आपण घरात बसून फराळाचे ताट पुढे ओढावे, असा हा वाचनाचा बेत असतो. त्यामुळे निघण्यापूर्वीचे प्रकरण, ज्यात शिडे शिवली जातात, पाण्याची पिंपे धुतली जातात आणि डबे मोजले जातात, ते आपण सरळ उलटून पुढे जातो. परीक्षण लिहिणारेही तेच करतात; धैर्य, जिद्द, निसर्गाचे रौद्र रूप असे चार शब्द लिहिले की त्यांचे काम संपते. या जातीच्या वाङ्मयाचा कस मला मात्र त्या वगळलेल्या प्रकरणातच दिसतो. लहान नावेतून महासागर ओलांडणाऱ्या माणसाने संकटासाठी काय बरोबर घेतले, ते कोठे ठेवले आणि वेळ आली तेव्हा त्यातले काय हाताला लागले, हे तो कसे सांगतो त्यावरून लेखकाची जात कळते.

या परंपरेचा मूळ पुरुष जोशुआ स्लोकम. ‘स्प्रे’ नावाच्या सुमारे ३७ फुटी नावेतून तो १८९५ साली बॉस्टनहून निघाला आणि १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. १९०० साली निघालेले त्याचे पुस्तक आजही वाचावे असे आहे, ते त्याच्या मिश्कीलपणामुळे. नावेवर पुरी होडी मावेना, म्हणून त्याने एक होडी मधोमध कापून तिचा अर्धा भाग फळ्या ठोकून बंद केला. तीच त्याची किनाऱ्यावर जाण्याची होडी, तीच कपडे धुण्याची परात आणि तेच स्नानाचे टब! तिएरा देल फ्वेगोच्या बाजूला रात्री नावेवर कोणी चढून येऊ नये म्हणून त्याने फळीवर सतरंजीचे खिळे पसरले आणि आत निवांत झोपला. वाचताना हसू येते. पण बारकाईने पाहिले तर संकटाची तयारी म्हणजे या माणसाच्या लेखी गमतीचाच विषय होता. आयुष्यभर समुद्रावर वावरलेल्या कप्तानाला ते शोभूनही दिसते. १९०९ च्या नोव्हेंबरात तो याच नावेतून पुन्हा निघाला, तो परतला नाही.

स्लोकमबद्दल इतके पुरे. खरा वाद आहे तो आलँ बोंबारशी.

बोंबार हा फ्रेंच डॉक्टर. जहाज फुटल्यावर माणसे मरतात ती तहानेपेक्षा भयाने मरतात, हा त्याचा सिद्धांत. समुद्र स्वतःच माणसाला जगवील. माशाच्या मांसातला रस पिळून प्यावा, प्लवकांतून जीवनसत्त्व मिळवावे आणि तहानेने व्याकूळ होण्याच्या आधीपासूनच खारे पाणी थोडे थोडे घ्यावे, असे त्याने मांडले. हे सिद्ध करण्यासाठी तो १९ ऑक्टोबर १९५२ रोजी लास पाल्मासहून रबरी नावेतून एकटा निघाला आणि २३ डिसेंबरला बार्बाडोसला पोहोचला. ६५ दिवसांत त्याचे वजन २५ किलो उतरले. नावेचे नाव त्याने ठेवले होते ‘पाखंडी’ या अर्थाचे. त्या एका शब्दात माणूस कळतो.

पुस्तक विलक्षण आहे. वाटेत ‘अराकाका’ नावाचे जहाज भेटते आणि आपला अंदाज शेकडो मैलांनी चुकला आहे हे त्याला समजते, ते प्रसंगवर्णन कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असे उतरले आहे. जहाजावर राहण्याचे सोडून तो एक हलके जेवण घेतो आणि पुन्हा आपल्या रबरी नावेत उतरतो! निवेदनाला वेग आहे, एकांताचे चित्रण अस्सल आहे, लेखक स्वतःच्या भीतीवर पांघरूण घालीत नाही. रसिकाने एवढ्यावर समाधान मानून पुस्तक मिटावे काय?

मला तसे मिटता येत नाही. ही कादंबरी असती तर खाऱ्या पाण्याचा प्रश्न कल्पनेचा म्हणून सोडून देता आला असता. बोंबारचे पुस्तक वाचकाला सांगते की, तुझ्यावर हा प्रसंग आला तर असे कर. हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने नेमके हेच दुखणे ओळखले. त्याने १९५५ साली ओंडका कोरून केलेल्या होडीतून आणि पुढच्याच वर्षी घडीच्या कापडी होडीतून ७२ दिवसांत तोच अटलांटिक ओलांडला. अनुभवान्ती त्याने बोंबारच्या म्हणण्याला साफ विरोध केला. आज जीव वाचविण्याच्या पुस्तिकांत खारे पाणी पिण्याला ठाम मनाई असते. शरीराला तेवढे मीठ बाहेर टाकण्यासाठी प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्च करावे लागते. तहान भागण्याऐवजी शरीर आणखी सुकते. लिंडेमानचे पुस्तक बोंबारच्या मानाने रूक्ष आहे. पण निघण्यापूर्वी कित्येक महिने त्याने आपल्या मनाला एकेक वाक्य घोटून घोटून कसे शिकवले, ते त्यात वाचण्यासारखे आहे. पिशवी भरतात तसे त्याने मन भरून घेतले होते.

बोंबारच्या बाजूनेही बोलले पाहिजे. हवा भरलेल्या रबरी तराफ्यावर नावाडी लोकांचा विश्वास नव्हता, तो बसविण्यात त्याचा वाटा मोठा आहे, आणि त्या तराफ्यांनी पुढे असंख्य जीव वाचवले. मात्र १९५८ साली ब्रिटनी किनाऱ्यावर एतेलच्या खाडीमुखाशी तराफ्याच्या चाचणीत बोंबारबरोबर उतरलेल्यांतील आणि त्यांना काढायला धावलेल्यांतील मिळून नऊ माणसे बुडाली, हेही त्याच हिशेबात लिहावे लागते. बोंबारच्या पुस्तकाचा खरा नायक आहे त्याचा सिद्धांत. सिद्धांत नायक झाला की त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा खलनायक ठरतो, आणि अशा पुस्तकात वाचकाने मोहून जाणे धोक्याचे असते.

आता याच्या शेजारी डूगल रॉबर्टसनचे ‘सर्व्हाइव्ह द सॅव्हेज सी’ ठेवा. हा पूर्वी व्यापारी जहाजावरचा अधिकारी, नंतर गाईम्हशींऐवजी फक्त गाईच पाळणाऱ्या विलायती गवळ्यांपैकी एक. गोठा विकून त्याने ‘ल्यूसेट’ नावाची जुनी शिडाची नाव घेतली आणि बायकामुलांसह जगप्रवासाला निघाला. १५ जून १९७२ रोजी गालापागोसच्या पश्चिमेला किलर व्हेल जातीच्या देवमाशांनी धडका देऊन नावेचा तळ फोडला. नाव जेमतेम मिनिटभरात गेली. नावेवर सहा माणसे होती: नवराबायको, अठरा वर्षांचा थोरला मुलगा, दोन जुळी लहान मुले आणि वाटेत बरोबर आलेला एक तरुण विद्यार्थी.

त्या मिनिटात हाताला काय लागले? कांद्यांची पिशवी, काही संत्री आणि लिंबे, बिस्किटांचा डबा, ग्लुकोजच्या गोळ्या, स्वयंपाकघरातली सुरी आणि तरंगत आलेली बाईंची शिवणाची टोपली. आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला ही यादी परकी वाटणार नाही. सुई, दोरा, कात्री, बटणे यांच्या त्या टोपलीला पुढे जे महत्त्व येते ते वाचताना मला वाटले की, साहित्यात सामान्य वस्तूचे प्रतीक होणे म्हणतात ते हेच असावे. फरक इतकाच की येथे लेखकाने प्रतीक करण्याचा मुळीच प्रयत्न केलेला नाही. तो फक्त सांगतो, टोपलीत काय काय होते ते.

रॉबर्टसनची सारी शैली अशी आहे. पाणी किती, माणसे किती, घोट किती, हा त्याचा गद्याचा ताल. सातव्या दिवशी एक जहाज जवळून गेले. त्याने इशाऱ्याचे बाण उडवले. आपण दिवाळीत बाण सोडतो तेव्हा निदान शेजारची पोरे तरी वर पाहतात. त्या जहाजावरून कोणी पाहिले नाही. येथे दुसऱ्या लेखकाने दोन पाने आक्रोश केला असता. रॉबर्टसन तेथे आपला बेतच बदलतो: सुटकेची वाट पाहणे बंद, आता येथेच जगायचे. या वळणानंतर पुस्तकाचा सूर पालटतो. कासवे पकडली जातात, मांस वाळत घातले जाते, सतरा दिवसांनी तराफा निकामी होतो आणि सहाही जण ‘एडनामेअर’ या दहा फुटांहूनही लहान होडीत दाटीवाटीने बसतात. होडीच्या तळाशी साचलेले पावसाचे पाणी कासवाच्या रक्तामुळे पिण्याजोगे उरले नव्हते. पेशाने परिचारिका असलेल्या बाई ते बस्तीवाटे देण्याची युक्ती काढतात. सणासुदीच्या अंकात हे लिहावे की नाही असा क्षणभर विचार आला, पण लेखकाने ते जितक्या सरळपणे लिहिले आहे तितक्याच सरळपणे ते वाचले पाहिजे. ३८ व्या दिवशी जपानी मच्छीमार बोटीने त्यांना उचलले.

पुस्तकात उणीव नाही असे नाही. सारे काही बापाच्या नजरेतून येते. मुलांच्या मनात काय चालले होते ते आपण त्यांच्या हालचालींवरून ताडायचे. बाईंच्या वाट्याला कामे पुष्कळ आणि शब्द थोडे आले आहेत. कादंबरीकार म्हणून मला ही भूक राहिली. तथापि आपण पोराबाळांना या पाण्यात का आणले, हा प्रश्न बाप टाळीत नाही, आणि त्याचे गोंडस उत्तरही देत नाही.

आमच्या शाळेत ‘मी बुडता बुडता वाचलो’ असा निबंध दिला की पस्तीस मुले ‘देवाच्या कृपेने’ वाचतात. कशाला धरून वाचलो, हे लिहिणारा मुलगा वर्षाकाठी एखादाच. रॉबर्टसन त्या एखाद्यांपैकी आहे.

याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आपल्या अनुभवावरून रॉबर्टसनने १९७५ साली ‘सी सर्व्हायव्हल’ नावाची निव्वळ मार्गदर्शक पुस्तिका लिहिली. वाङ्मयाच्या इतिहासात तिला कोणी जागा देणार नाही. पुढे स्टीव्हन कॅलहान नावाचा तरुण अमेरिकन नौकाबांधणीकार २१ फुटी ‘नेपोलियन सोलो’ घेऊन कॅनरी बेटांवरून एकटा निघाला. ४ फेब्रुवारी १९८२ च्या रात्री नाव फुटली. तराफा पाण्यात टाकल्यावर तो भरत चाललेल्या काळोख्या केबिनमध्ये पुन्हा शिरला आणि बांधून ठेवलेली निकडीची पिशवी कापून घेऊन आला. त्या पिशवीत मासे मारण्याची छोटी भालाबंदूक होती, उन्हावर खाऱ्याचे गोडे पाणी करणारे प्लॅस्टिकचे फुगे होते, आणि रॉबर्टसनची ती पुस्तिका होती.

एका पुस्तकाला याहून मोठा पुरस्कार कोणता मिळणार! कॅलहान ७६ दिवस वाहत गेला. पाण्याचे फुगे चालेनात, तेव्हा त्याने त्यातला एक कापून आतली रचना समजून घेतली आणि बाकीचे चालते केले. पेन्सिली जोडून त्याने अक्षांश मोजण्याचे साधन बनवले. चाळीस दिवस उलटल्यावर तराफ्याची खालची नळी फाटली. ते छिद्र बुजविण्याच्या दहा दिवसांच्या धडपडीचे वर्णन ‘अड्रिफ्ट’ या त्याच्या पुस्तकाचा गाभा आहे. एक उपाय फसतो, दुसरा फसतो, लेखक रेखाचित्र काढून तिसरा समजावतो. रसभंग होईल या भीतीने त्याने एकही गाठ वगळलेली नाही, आणि वाचकाचा श्वास अडकतो तो त्या गाठींपाशीच. गुरुत्वाला शिष्याने मागे टाकल्याचे हे उदाहरण आहे. कॅलहानजवळ रॉबर्टसनची काटकसर आहे, शिवाय तराफ्याखाली सोबत करणाऱ्या, आणि ज्यांना मारूनच जगायचे अशा डोराडो माशांविषयी माया आहे.

आता उपग्रह आले, संकटाची हाक ऐकणारी यंत्रे आली. मग या याद्यांचे वाङ्मय कालबाह्य झाले, असे कोणी म्हणेल. त्याने २०१८ ची हकिगत आठवावी. मुंबईत सागवानाने बांधलेल्या ‘सुहेली’ या नावेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने १९६८–६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली होती. त्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन आपले अभिलाष टॉमी शर्यतीत उतरले होते. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. यंत्राने हाक दिली, जगाने ती ऐकली. पण दुसरा उपग्रह-फोन निकडीच्या पिशवीत होता, पिशवी त्याच नावेत होती आणि हलता न येणाऱ्या माणसाला तेथवर पोहोचता येईना. फ्रेंच जहाजाने त्यांना २४ सप्टेंबरला उचलले. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २०२३ साली दुसरे आले. त्यांच्या आधी, २००९–१० मध्ये, गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे, त्यांच्या ‘द फर्स्ट इंडियन’ या पुस्तकाचा बराच भाग नाव बांधण्यात आणि तयारीतच जातो. घाईच्या वाचकाला ते लांबण वाटेल. मला तेच प्रिय आहे.

शेवटी बेली दांपत्याविषयी. ४ मार्च १९७३ रोजी पनामाहून गालापागोसकडे जाताना देवमाशाने त्यांची ‘ऑरलिन’ बुडवली. बाहेरच्या जगाचा संबंध नको म्हणून मॉरिसने संदेश धाडणारे यंत्र मुद्दामच घेतलेले नव्हते. मॅरलिनला पोहताही येत नव्हते. ‘११७ डेज अड्रिफ्ट’ हे पुस्तक दोघांनी आळीपाळीने लिहिले आहे, आणि रॉबर्टसनकडे राहिलेली भूक येथे भागते. तो खचलेला, प्रांजळ, स्वतःला दोष देणारा. ती सेफ्टी पिन वाकवून गळ करणारी. जहाजामागून जहाज निघून गेले, काही बाण पेटलेच नाहीत. अशा वेळी ही दोघे उरल्यासुरल्या कागदावर पुढच्या नावेचा आराखडा काढीत बसत: फडताळ कोठे, चूल कोठे, किती दिवसांचे धान्य भरायचे, पहिल्या रात्री काय रांधायचे. कोरियन मच्छीमारांनी ३० जूनला त्यांना वर घेतले. नाव खरोखर बांधली गेली, तिचे नाव ‘ऑरलिन दुसरी’ ठेवले, आणि तीत सामान भरून दोघे पॅटागोनियाला गेली.