बलुत्याचं माप कुणाच्या हाती?

गावाकडच्या आठवणींच्या पुस्तकात एक परिच्छेद हमखास सापडतो. सुगी व्हायची, खळ्यात रास पडायची, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट सगळे यायचे आणि आपापलं बलुतं घेऊन जायचे. पैशाला कुणी विचारायचं नाही. गाव कसं एका घरासारखं राहायचं. हे वाचून शहरातल्या वाचकाला बरं वाटतं, गावातल्या म्हाताऱ्या माणसालाही वाटतं. यात धादांत खोटं असं काही नाही. रास पडत होती, बलुतं दिलं जात होतं. तरी हा परिच्छेद आला की मी वाचताना जरा अडखळतो.

अडखळायचं कारण क्रियापदात आहे. यायचे, द्यायचे, राहायचं. ही रूपं आपल्या भाषेत फार गोड लागतात, पण ती साल सांगत नाहीत. यायचे म्हणजे कधी? १९१० साली का १९५५ साली? पाऊस हुकला आणि रासच पडली नाही, त्या वर्षी आलेल्या माणसाला काय मिळालं? ‘तो आला आणि त्याला पेंढी कमी दिली’ असं लिहिलं की कोण आला, कुणी दिली, का कमी दिली, हे सांगणं भाग पडतं. ‘यायचा आणि घेऊन जायचा’ म्हटलं की लेखकाची त्या सगळ्यातून सुटका होते. आठवण राहते, पण त्यातली माणसं निघून जातात.

बलुतं हा एकच शब्द तीन पुस्तकांत कसा येतो ते बघू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली आला. आत्रे सरकारी नोकरीतले, खेडी त्यांनी जवळून पाहिलेली. त्यांना गाव म्हणजे एक घर असं काही दिसलं नाही. कुणब्याच्या राशीवर किती जणांचा हक्क लागतो आणि त्या बदल्यात त्याचं काम कितपत होतं, हा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे ज्या काळाला आपण आज गोडीगुलाबीचा म्हणतो, त्याच काळात एक जाणता माणूस गाडा कुरकुरतोय असं लिहून ठेवत होता. मात्र आत्र्यांची काळजी मुख्यतः ज्याची रास त्याच्यासाठी आहे. रिकामं पोतं घेऊन खळ्याच्या कडेला उभा राहणारा काय म्हणतो, हे तिथं फारसं ऐकू येत नाही.

ते ऐकू आलं दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली. त्यांनी आपल्या आत्मकथनाला नावच ते दिलं. तिथं बलुतं म्हणजे नुसतं धान्य नव्हे, जन्मानं वाट्याला आलेलं जिणं. महाराच्या बलुत्याला कामं बांधलेली होती: येसकरकी, मेलेलं जनावर ओढणं, मयताचा सांगावा परगावी पोचवणं, सरकारी माणसांची वर्दी आणि ओझं. नको म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते यासाठीच. गावकामाची ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. जी गोष्ट मोडायला माणसं तीस वर्षं झगडली, तिचं वर्णन आपण ‘सगळे गुण्यागोविंदानं राहायचे’ एवढ्यात उरकतो.

तिसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, १९८६चं. त्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ मोठं आहे. गावानं काय केलं ते बेबीताई सांगतातच, पण आपल्याच वाड्यात सुनांचे काय हाल होत होते, तेही लपवत नाहीत. मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं, कारण सोसलेल्या माणसानंही आपल्या माणसांना झुकतं माप दिलेलं नाही. नाहीतर दुःखाच्या आठवणीतही ‘आम्ही सगळे बिचारे’ अशी एक सोपी वाट असतेच.

मग यातलं खरं कुठलं? तिन्ही खरी, कारण लिहिणारा खळ्याच्या कुठल्या बाजूला उभा होता ते तिन्हींत कळतं. बलुतेदारांतही थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि ओळीप्रमाणे माप कमी होत जायचं. म्हणून जागा सांगणं महत्त्वाचं. आपल्या नेहमीच्या आठवणींच्या लेखात नेमकी तीच सांगितलेली नसते. माप घालणाऱ्या घरातलं पोर मोठं होऊन लिहितं, आणि आपल्या ओट्यावरून जे दिसलं त्यालाच गाव म्हणतं. त्यात त्या पोराचा दोष नाही. पण लिहिताना ते पोर राहिलेलं नसतं.

हा काही नुसता लिहिण्याच्या पद्धतीचा वाद नाही. आज त्याच गावातली एखादी मुलगी शाळेच्या कपाटातून असं पुस्तक घरी नेते. तिची आजी खळ्याबाहेर पोतं घेऊन थांबलेली असते. पुस्तक म्हणतं, कुणी उपाशी राहायचं नाही. मग आजीची माणसं गाव सोडून मुंबईला का गेली, हे त्या मुलीनं कुणाला विचारायचं? पुस्तकावर विश्वास ठेवायचा का आजीवर? छापलेल्याला वजन जास्त, म्हणून बहुतेकदा आजी खोटी पडते.

आठवणी गोड असू नयेत असं माझं म्हणणं नाही. हुरड्याची चव खरी असते, आईच्या ओव्या खऱ्या असतात. त्या जरूर लिहाव्यात. फक्त ‘द्यायचे’ असं लिहिलं की लेखकानं स्वतःलाच विचारावं: कुणी, कुणाला, कुठल्या साली, आणि त्या वेळी मी कुठं उभा होतो? चारातल्या दोन प्रश्नांची उत्तरं जरी पानावर उतरली, तरी वाचकाला गाव जास्त नीट दिसेल. या पुस्तकातले लेखही याच मापानं मोजावेत, माझा धरून.